दामाजीपंतांची कोठारे

चांगले राज्य कशास म्हणावे, हा प्रश्न फार जुना आहे. आणि फार जुना असल्यामुळेच त्याचे उत्तर आपण गृहीत धरून चालतो. ज्या राज्यात प्रजा सुखी ते राज्य चांगले, असे कोणीही चटकन सांगेल. परंतु हे सुख राज्यकर्त्याच्या मर्जीने आले की प्रजेच्या अधिकाराने आले, ह्या भेदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पोटात अन्न पडल्याशी कारण. ते कोणत्या वाटेने आले ह्याची चिकित्सा उपाशी माणसाने करीत बसू नये, असे व्यवहारी माणसे म्हणतात. आम्हांस मात्र असे वाटते की, अन्न आज कोणत्या वाटेने आले ह्यावरच ते उद्या पुन्हा येईल की नाही हे अवलंबून असते. म्हणून हा भेद तर्कपंडितांच्या करमणुकीचा नसून राज्यव्यवहाराच्या मुळाशी असलेला आहे. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही येथे दुष्काळाचे उदाहरण घेणार आहोत. सुकाळात सर्वच राज्ये बरी दिसतात. राज्याची खरी परीक्षा पाऊस न पडलेल्या वर्षी होते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात लहान मुलांसही ठाऊक आहे. बहामनी अमदानीत मोठा दुष्काळ पडला. मंगळवेढे हे ज्वारीचे आगर. तेथील सरकारी कोठारे धान्याने भरलेली आणि कोठारांच्या दाराशी माणसे मरत असलेली. पंत बेदरच्या बादशहाचे नोकर, धान्य बादशहाचे. पंतांनी हुकमाची वाट न पाहता कोठारे खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणण्यास शिपाई धाडले. तोच विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंग बेदरास गेला, धान्याची किंमत मोजून दिली आणि रीतसर पावती घेऊन परतला. ह्या कथेत इतिहास किती आणि भक्ती किती, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. आमचे लक्ष आहे ते कथेतील राज्यव्यवस्थेकडे. धान्य होते, पण राज्याचा नियम ते उपाशी माणसाला देऊ देत नव्हता. माणसे वाचली ती नियम मोडल्यामुळे. आणि नियम मोडणारा वाचला तो देव धावला म्हणून. ज्या राज्यात गरिबाला भाकरी मिळण्यासाठी एका सत्पुरुषास आपले शिर पणास लावावे लागते, आणि त्या सत्पुरुषास सोडविण्यासाठी देवास तिजोरीचा भरणा करावा लागतो, त्या राज्यात सत्पुरुष थोर ठरतो, राज्य थोर ठरत नाही. ज्या परगण्यांत दामाजी नव्हते, तेथील माणसांचे काय झाले असेल हे कोणताही कीर्तनकार सांगत नाही.

हा बादशाही काळाचा दोष होता, पुढे सुधारलेले राज्य आल्यावर तो नाहीसा झाला, असे कोणी म्हणेल. पण इतिहास तसे सांगत नाही. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मदतकार्य सर रिचर्ड टेंपल ह्यांच्याकडे होते. त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला, सढळ हाताने वाटला, आणि फारसे लोक मरू दिले नाहीत. ह्या कामगिरीबद्दल त्यांच्या वाट्यास कौतुकापेक्षा उधळपट्टीचा ठपकाच अधिक आला. तीनच वर्षांनी, १८७७ साली, दक्षिणेतील महादुष्काळाच्या पाहणीवर सरकारने ह्याच टेंपलसाहेबांना पाठविले. साहेब मागील धडा शिकलेले होते. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसा पुरेल, असा त्यांनी दंडक घातला. दिवसभर खडी फोडणाऱ्याच्या देहाला हा शिधा पुरेना. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारशी लिखापढी केली. त्या दोन वर्षांत दक्षिणेत लक्षावधी माणसे मेली.

येथे माणूस एकच आहे. त्याची बुद्धी तीच, दुष्काळाचा अनुभव तोच, उलट थोडा वाढलेला. बदलली ती वरिष्ठांची मर्जी. कृपेच्या राज्याचे हे लक्षण आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. तेथे अधिकारी वाईट असतातच असे नाही. पुष्कळदा ते चांगलेही असतात. परंतु त्यांचा चांगुलपणा त्यांच्या स्वाधीन नसतो. आणि ज्याच्या जिवावर बेतलेले असते त्याच्या तर तो मुळीच स्वाधीन नसतो. बिहारचा मजूर १८७४ साली वाचला, ह्यात त्याचा स्वतःचा काही अधिकार नव्हता. म्हणूनच दक्षिणेतला मजूर १८७७ साली मेला तेव्हा त्याला कोणाचाही हात धरून जाब विचारता आला नाही.

महादुष्काळानंतर सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८८० साली त्याचा अहवाल आला. दुष्काळात गरजूंना मदत करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्या अहवालाने मान्य केले. आणि त्याच्या आधारे पुढील काही वर्षांत प्रांतोप्रांतीचे दुष्काळी कायदे, म्हणजे ‘फॅमिन कोड’ तयार झाले. दुष्काळाची चिन्हे कशी ओळखावी, चाचणीची कामे केव्हा काढावी, मजुरी कशी ठरवावी, अपंगांस घरबसल्या मदत कशी द्यावी, सारा केव्हा तहकूब करावा, हे सर्व त्यांत कलमवार लिहिले होते. हे कायदे प्रेमाने लिहिलेले नव्हते. कमीत कमी खर्चात राज्याची लाज कशी राखावी, ह्याचीच चिंता त्यांत ठिकठिकाणी दिसते. तथापि एक फार मोठी गोष्ट त्यांच्यामुळे घडली. सरकारने काय केले पाहिजे हे कागदावर आले, आणि कागद कोणालाही वाचता येतो.

१८९६ साली पुन्हा पाऊस फसला, तेव्हा ह्या कागदाचे सामर्थ्य दिसून आले. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ आणि त्यांच्याच पुढारीपणाखालील सार्वजनिक सभा ह्यांनी नवी मागणी काहीच केली नाही. सरकारच्याच कायद्यातील कलमे मराठीत उतरवून त्यांनी ती गावोगाव पोहोचविली. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करण्याची तरतूद कायद्यात आहे, काम मागणाऱ्याला काम देण्याची तरतूद कायद्यात आहे, ती मागा, भिऊ नका, एवढेच त्यांचे सांगणे होते. ह्या प्रचारकांस सरकारने पकडले, त्यांच्यावर खटले भरले, आणि १८९७ साली सार्वजनिक सभेशी सार्वजनिक प्रश्नांवर पत्रव्यवहार करण्याचेच बंद केले. सरकारास राग कशाचा आला, हे पाहण्यासारखे आहे. रयतेने अर्ज केले असते, पदर पसरला असता, तर साहेब रागावले नसते. कदाचित प्रसन्नही झाले असते. रयत कायद्याचे कलम दाखवून मागू लागली, हेच त्यांस खपले नाही. दान मागणारा नम्र वाटतो आणि हक्क मागणारा उद्धट वाटतो, ही केवळ परक्या राज्यकर्त्यांचीच रीत होती असे मात्र कोणी समजू नये. आजही सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून हे कोणालाही पडताळून पाहता येईल.

तथापि कागदावरचा नियम आपोआप बोलत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९४३ साली बंगालात दुष्काळी कायदा होता. पण सरकारने दुष्काळ रीतसर जाहीरच केला नाही, म्हणून कायद्यातली कलमे कपाटात राहिली आणि माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर मेली. सरकारी चौकशी मंडळाने मृतांचा अंदाज १५ लाखांचा केला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्या वर्षीचा तांदळाचा पुरवठा १९४१ सालापेक्षा कमी नव्हता. तांदूळ विकत घेण्याची शेतमजुराची, कोळ्याची, कारागिराची ऐपत तेवढी नाहीशी झाली होती. म्हणजे मंगळवेढ्याचीच गोष्ट पुन्हा घडली. कोठार भरलेले, माणूस उपाशी, आणि दोघांच्या मध्ये बंद दार. फरक इतकाच की, ह्या वेळी दामाजीही नव्हते आणि विठूही आला नाही.

आता आपण स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राकडे येऊ. १९७० ते १९७३ ह्या काळात राज्याच्या मोठ्या भागावर सलग अवर्षण आले. त्यांतले १९७२–७३ हे वर्ष तर अजून ‘बहात्तरचा दुष्काळ’ ह्या नावाने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी आहे. विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली, धान्याचे उत्पन्न निम्म्याहूनही खाली गेले. ज्या प्रमाणात धान्य कमी झाले त्या प्रमाणात माणसे मरावयाची असती, तर १८७७ साल पुन्हा उजाडले असते. ते उजाडले नाही. सरकारने गावोगाव खडी फोडण्याची, रस्त्यांची, नाला-बंडिंगची, पाझर तलावांची कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे ह्या कामांवर होती. त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. परदेशी मिलोची लाल भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी ह्यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. हाल पुष्कळ झाले, कुपोषण झाले, कर्ज झाले. परंतु दुष्काळाने माणसांची रास पडली नाही.

हे कशामुळे घडले? सरकार दयाळू होते म्हणून, हे एक उत्तर. आणि त्यात थोडे सत्य नाही असे नव्हे. पण त्याहून मोठे सत्य असे की, त्या सरकारला निवडणुकीस उभे राहावयाचे होते, विधिमंडळात विरोधी पक्ष प्रश्न विचारीत होता, वर्तमानपत्रे कोरड्या विहिरींची छायाचित्रे छापीत होती, आणि कामे बंद पडली की मजुरांचे मोर्चे तहसील कचेरीवर येत होते. सेन ह्यांनी ह्याच मुद्द्याची दुसरी बाजू चीनच्या उदाहरणाने दाखविली आहे. १९५८ ते १९६१ ह्या काळात तेथे भुकेने मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत केले जातात. तेथील राज्यकर्ते स्वतःस गरिबांचे कैवारी म्हणवीत, आणि आरोग्य व शिक्षण ह्यांत त्यांनी केलेली प्रगती आपल्याहून सरस होती. परंतु गावचा अधिकारी वरिष्ठांच्या भयाने पिकाचे फुगविलेले आकडे वर पाठवी, आणि ते खोटे आहेत असे म्हणण्याचा अधिकार कोणास नव्हता. कृपेचे राज्य निर्दय नसेल. पण ते बहिरे असते, आणि बहिऱ्याची दया वेळेवर पोहोचत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाने महाराष्ट्राला ह्याच्याही पुढचे एक पाऊल टाकावयास लाविले; आणि ते पाऊल आमच्या मते ह्या राज्याच्या विचारेतिहासातील फार मोठी घटना आहे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी १९६५ पासूनच अशी कल्पना मांडली होती की, खेड्यात जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देण्यास राज्य बांधलेले असावे. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रयोग झाला; १९७२ साली तिची योजना झाली; १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे, न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळाला पाहिजे, असे त्यात लिहिले होते. दुष्काळ पडो वा न पडो, सरकार तो जाहीर करो वा न करो, काम मागण्याचा अधिकार मजुराच्या हाती आला. १९४३ साली बंगालात जी किल्ली सरकारच्या खिशात राहिली होती, ती येथे कोठारापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती दिली गेली. २००५ साली संसदेने देशभर ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव त्याच्या पाठीशी होता.

ह्या कायद्याच्या खर्चाची तजवीजही विचार करण्यासारखी आहे. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबई-पुण्याकडच्या बहुतेक पगारदारांच्या पगारातून महिन्याकाठी दोनशे रुपयांची जी बारीकशी वजावट होते, तिचे मूळ हे आहे. ती कोठे जाते हे शंभरांत नव्वदांस ठाऊक नसते, आणि ठाऊक झाल्यावर त्यांतले काही कुरकुरतात. परंतु विठूने बेदरास नेऊन भरलेले पैसे आता प्रत्येक पगारदार भरू लागला, असा ह्या कराचा अर्थ आहे. देवाने करावयाचे काम नागरिकांनी आपसांत वाटून घेतले. चमत्काराची गरज संपविणे, हेच सुराज्याचे काम असेल तर त्याचा ह्याहून चांगला दाखला आमच्या पाहण्यात नाही.

आता ह्यावरचे आक्षेप. पहिला आक्षेप असा की, हक्काने मिळणारी भाकरी माणसाला आळशी करते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी चैत्रातल्या दुपारी खडीच्या ढिगापाशी तासभर बसून पाहावे. अंगमेहनतीचे काम आणि बेताची मजुरी हीच ह्या योजनेची चाळणी आहे. ज्याला दुसरा काही आधार आहे तो ह्या वाटेस जात नाही. ह्याउलट, वडिलार्जित जमीन, बँकेची मुदतठेव किंवा सरकारी निवृत्तिवेतन ह्यांनी माणूस आळशी होतो असे कोणी लिहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आळसाची चिंता आपण नेहमी दुसऱ्याच्या भाकरीविषयीच वाहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ह्या कामांत भ्रष्टाचार झाला. मस्टरवर खोटी नावे चढली. मेलेल्या माणसांनी नाले खणले आणि कामावर न गेलेल्यांचे अंगठे उठले. हे खरे आहे, आणि झाकण्यात अर्थ नाही. परंतु ह्यावर दोन तऱ्हांनी विचार होऊ शकतो. एक, चोरी होते म्हणून कोठारच बंद करावे. दुसरी, कोठाराचा हिशेब चव्हाट्यावर मांडावा. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने दुसरी वाट धरली. पाली जिल्ह्यातील कोट किराना ह्या गावी १९९४ साली तिने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामाचे मस्टर व बिले गावापुढे मोठ्याने वाचून दाखविली. आणि ज्यांची नावे त्यांत होती ते उठून म्हणू लागले की, आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. निरक्षर माणूसही लेखापरीक्षक होऊ शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ह्या चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी वाढत गेली. महाराष्ट्राने २००२ साली व संसदेने २००५ साली तसा कायदा केला. १८९६ साली कायद्याची कलमे वाचून दाखविली म्हणून माणसे तुरुंगात गेली होती. शतकानंतर हिशेब वाचून दाखविण्याचा अधिकारच कायदा झाला. भ्रष्टाचारावर हक्क आवरता घेणे हा उपाय नव्हे. एका हक्काच्या रक्षणास दुसरा हक्क उभा करणे हा उपाय होय.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्र्यांकडून येतो. हा पैसा मोठ्या धरणांत, कारखान्यांत, महामार्गांत घातला असता तर संपत्ती वाढली असती आणि तिच्यातून गरिबांसही अधिक मिळाले असते, असे ते म्हणतात. संपत्ती वाढावी ह्याविषयी आमचा वाद नाही. दारिद्र्याची समान वाटणी म्हणजे न्याय, असे आम्ही मानीत नाही. परंतु देशाचे एकूण उत्पन्न हा कोठारातील धान्याचा आकडा आहे. दार कोणासाठी उघडते हे त्यावरून समजत नाही. एवढेच नव्हे, तर रोजगाराच्या कामांतूनही जी संपत्ती निर्माण झाली तिच्याविषयीही हाच प्रश्न विचारला पाहिजे. पाझर तलावाची माती भूमिहीन बाईने डोक्यावरून वाहिली. तलाव भरल्यावर पाणी वाढले ते त्याच्या खालच्या अंगास ज्याची विहीर होती त्याच्या विहिरीला. बाईला मजुरी मिळाली आणि ती घरी गेली. विकास झाला, ह्यात शंका नाही; कोणाचा झाला, हे मस्टरवर लिहिलेले नसते.

ह्यापुढचा आक्षेप मात्र आमचा आम्हीच घेतो, कारण तो सर्वांत कठीण आहे. हक्क कायद्याने दिला तरी राज्याला तो मुकाट्याने परत घेता येतो. त्यासाठी कायदा रद्द करावा लागत नाही. १९८८ साली रोजगार हमीच्या मजुरीचे दर किमान वेतनाच्या बरोबरीने वाढले; मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. वरवर पाहता मजुराचा हा मोठा विजय. पण नंतरच्या वर्षांत कामावरील हजेरी वाढण्याऐवजी घटली. कारण वाढीव खर्च झेपेना, तेव्हा कामे काढण्याचेच प्रमाण कमी झाले, आणि काम मागावयास आलेल्यास ‘सध्या काम नाही’ हे उत्तर मिळू लागले. बेकारी भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. अर्ज घेऊन पोच न देणे, काम दूरच्या गावी काढणे, मजुरी महिनोन्महिने थकविणे, ह्या युक्त्यांनी हक्काचे पुन्हा दान होते आणि दानाचे पुढे आश्वासन होते. कायद्याची नावे बदलतात, दिवसांचे आकडे बदलतात, खर्चाचा वाटा कोणी किती उचलावयाचा हेही बदलते. ह्या सर्व बदलांत आपण एकच गोष्ट पाहावी. मजुराने मागितल्यावर राज्य बांधले जाते की नाही? बांधले जात असेल तर हक्क जिवंत आहे; नसेल तर नाव काहीही असो, आपण पुन्हा बेदरच्या बादशहाच्या राज्यात आहोत.

ह्या दृष्टीने पाहता अलीकडे रूढ झालेला ‘लाभार्थी’ हा शब्द आम्हांस खटकतो. सरकारी योजनेतून धान्य, घर वा पैसे ज्यास मिळतात तो लाभार्थी. ह्या शब्दात लाभ आहे, तो इच्छिणारा आहे. अधिकार कोठेच नाही. धान्याच्या पिशवीवर राज्यकर्त्याचे छायाचित्र छापले म्हणजे तर चित्र पुरेच होते. सर्व पक्षांच्या राज्यकर्त्यांनी हा मोह कमी-अधिक प्रमाणात दाखविला आहे, म्हणून येथे कोणा एकास दोष देण्याचे कारण नाही. परंतु पिशवीतले धान्य छायाचित्रातल्या गृहस्थांचे नसते. ते शेतकऱ्याने पिकविलेले आणि सर्वांच्या करातून घेतलेले असते. करात उपाशी माणसाचाही वाटा असतो, कारण साबण, काडेपेटी विकत घेताना तोही कर भरतो. स्वतःच्याच पैशातून मिळालेल्या वस्तूबद्दल त्याने कृतज्ञ राहावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे बादशहाचे वैभव आणि दामाजीचे पुण्य ही दोन्ही एकदम पदरात पाडून घेणे होय.

मग राज्यव्यवहारात दयेला स्थानच नाही काय? आहे, आणि ते फार मोठे आहे. हक्काला एक मर्यादा आहे. जो ओरडू शकत नाही त्याचा हक्क कोणी मागत नाही. लोकशाहीने दुष्काळ टाळला, कारण दुष्काळाचा गवगवा होतो. मेळघाटातले मूल मात्र हळूहळू वाळते. त्याचे छायाचित्र ते मेल्यावर येते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५ मुलांची वाढ खुरटलेली आढळली. आणि त्याआधीच्या पाहणीतला आकडा काही वेगळा नव्हता. भारतातील संपन्न राज्यांत गणल्या जाणाऱ्या आपल्या राज्यात दर तिसरे मूल त्याच्या वयाला शोभेल इतके उंच नाही, आणि ह्या गोष्टीवरून एकही मंत्रिमंडळ कोसळलेले नाही. ह्या मुलांच्या वतीने कलम दाखविणारे कोणी नाही. येथे अंगणवाडीची सेविका, आश्रमशाळेचा शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका ह्यांच्या अंतःकरणावाचून गत्यंतर नाही. कायदा वजन करावयास सांगेल. वजन कमी भरल्यावर त्या घरी पुन्हा जावे असे वाटणे, हे कायद्याने उत्पन्न होत नाही.

म्हणून दया आणि हक्क हे एकमेकांचे वैरी आहेत, असे आम्ही समजत नाही. दया आधी येते. ती दार उघडते. परंतु उघडलेले दार पुन्हा लागू नये, ह्यासाठी ते कायद्याने अडकवून ठेवावे लागते. दामाजीपंतांनी कोठारे उघडली, ही दया झाली. दुसऱ्या दिवसापासून मंगळवेढ्यातील उपाशी माणसाला कोठाराच्या दाराशी हक्काने उभे राहता आले असते, तर ती सुराज्याची सुरुवात झाली असती. कथा तेथवर जात नाही. कारण ज्यांनी ती रचली त्यांस राज्य बदलता येण्यासारखे आहे अशी कल्पनाच नव्हती. त्यांच्या हाती देव होता. त्यांनी त्याला पाठविले. आपल्या हाती मत आहे, विधिमंडळ आहे, माहितीचा अर्ज आहे, न्यायालय आहे. एवढे असूनही आपण निवडणूक आली की दामाजींचाच शोध करतो. कोणी मोठ्या मनाचा पुढारी येईल आणि कोठारे खुली करील, अशी वाट पाहतो. अशा पुढाऱ्याचे आम्हांस वावडे नाही. पण तो आला तर त्याला आम्ही एवढेच विचारू की, आपण गेल्यावर ह्या दाराची किल्ली कोणापाशी राहील?